खांबाखालचं

जूनमध्ये ते माझ्या करंगळीएवढं होतं,
दाण्याच्या खांबाखाली, जिथे गवतसुद्धा धड उगवत नाही.
खुरपं घेऊन वाकले आणि थांबले.
कारण काही नव्हतं. गुडघा दुखला, इतकंच.

ऑगस्टात ते माझ्या कमरेला लागलं.
पानं समोरासमोर, बिनदेठाची,
दोन्ही अंगांनी खोड धरून बसलेली.
कडेला बारीक दाते. शेंड्याला हात लावला तर बोटं चिकट.

डौवे कुंपणापलीकडून म्हणाला, सूर्यफूल.
चाळीस वर्षं समुद्राचे बांध तपासले त्यानं,
खात्री असण्याची सवयच आहे त्याला.
रिक्स्ट म्हणाली, तण.
यंदा राहू दिलंस तर पुढच्या साली माझ्या कांद्यात येईल.
निन्के शाळेतलं जाड पुस्तक घेऊन आली,
पानं उलटीपालटी केली, पुस्तकाची आणि झाडाचीही,
फुलाशिवाय सांगता येत नाही म्हणाली,
आणि दोन कप कॉफी पिऊन गेली.

नाव ठेवता येईना,
तेव्हा सगळ्यांनी नावं ठेवली.

सप्टेंबर आला, गेला. फूल नाही.
होल्वर्डचा वारा बांधावरून उतरतो तो थेट माझ्या बागेत,
म्हणून वीबेची काठी रोवली शेजारी,
त्याच्याच जुन्या मफलरनं बांधलं.
अनोळख्यासाठी इतकं कोण करतं, रिक्स्ट म्हणाली.
मी म्हटलं, काठी रिकामीच होती.

मग ऑक्टोबरात, बाकी सगळी बाग आवरायला लागली असताना,
पिवळं. आठ पाकळ्या,
प्रत्येकीच्या टोकाला जराशी कातर.
निन्केच्या पुस्तकात पिवळ्या फुलांची एकोणीस पानं होती.
हे कुठेच नव्हतं.

मंगळवारी अस्कालेच येते,
माझ्या पायांना ते घट्ट मोजे चढवायला.
एक मोजा घोट्यापर्यंत आला
आणि ती खिडकीकडे बघत राहिली.
कोट न घालता बाहेर गेली.
मी एक पाय उघडा ठेवून बसून होते, बराच वेळ.

आत आली तेव्हा बोटं नाकाशी.
नूग, म्हणाली.
हे इथे काय करतंय?
(हाच प्रश्न गावानं तिलाही विचारला होता.
इतक्या मायेनं नव्हे.)

मग मोजा तसाच राहिला.
गोज्जाममध्ये पाऊस सरला की टेकडीच्या टेकडी अशी,
मधमाश्यांना घरी जायचं भान नसतं.
काळं चकचकीत बी. भाजायचं, मीठ घालून कुटायचं,
उपासाच्या दिवसांत तेवढ्यावर जेवण होतं.
आजीच्या उखळातून दुसरा कुठला वास
कधी आलाच नाही म्हणाली.

काळं, चकचकीत, बारीक.
मी तिला शेडमध्ये पाठवलं, कुलूप नाही म्हटलं, ढकल नुसतं.
पोतं तिथेच होतं, तोंड दुमडलेलं,
वीबेनं चिमटा लावून ठेवलं होतं तसं.
तो त्याला बंदुकीची दारू म्हणायचा.
पिवळ्या फिंचांना हेच लागतं, महाग आहे पण हेच.

गेल्या हिवाळ्यात त्याचा हात फार कापायचा.
निम्मं नळीत, निम्मं खाली.
आणि मी दर सकाळी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायचे,
पैसे सांडतोयस, वीबे, पैसे.

अस्कालेचनं मूठभर बी तळहातावर घेतलं, फुंकर मारली.
पक्ष्यांना घालता हे? म्हणाली,
आणि इतकी हसली की मला पाय सावरून धरावा लागला.

नोव्हेंबरच्या पहिल्या हिमानं ते एका रात्रीत काळं पडलं.
बी धरलंच नव्हतं.
रिक्स्ट बघायला आली. शेवटी होतं काय ते?
सांगितलं. तिनं दोनदा म्हणून पाहिलं,
दोन्ही वेळा चुकली, आणि तिसऱ्यांदा नाही म्हणाली.

काठी मी काढलेली नाही.

आता जानेवारी आहे. दाणा मीच घालते.
माझा हात कापत नाही.
तरी थोडा सांडतो.